दोघांत एक वाडगा

मी एक जुनी बंडी आहे. बकरीच्या केसांची, काळी-करडी, अंगाला टोचणारी. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमचे ते छापील टी-शर्ट चार धुण्यांत मान टाकतात. मी शेकडो वर्षं पाहिली आहेत आणि माझी एक शिवण उसवलेली नाही. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. अक्षराशी माझी ओळख नाही, पण अंगाशी आहे. ज्याच्या अंगावर जाईन त्याचं काळीज कसं धडधडतंय, घास पोटात उतरला की नाही, हे मला न सांगता कळतं.

म्हणूनच तर मी घाबरले आहे.

ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्स नावाची वस्ती आहे. तिथल्या एका घरात, देवघराच्या कपाटात, खालच्या फळीवर मी घडी होऊन पडले आहे. कपाटाचं दार किलकिलं आहे. समोर जेवणाचं टेबल आहे, टेबलावर वरणाच्या पातेल्याला टेकवून ठेवलेला एक फोन आहे. तो एव्हाना वाजायला हवा होता. वाजलेला नाही. एवढ्याशा गोष्टीनं घाबरायला काय झालं म्हणाल, तर सांगते. पण सुरुवातीपासून ऐका. म्हातारीला मध्येच तोडायचं नसतं.

माझा जन्म फार लांबचा, थंड मुलखातला. तिथं बकरीच्या केसांचे दोर वळत आणि पोती विणत. असलं कापड माणूस अंगाला का लावेल? पण त्या काळच्या ख्रिस्ती साधूंमध्ये तशी रीत होती. वरून कपडा घालायचा आणि आतून, कुणाला न दिसता, माझ्यासारखी बंडी. देहाला सुख लागू द्यायचं नाही. उपास करायचे, जागायचं, टोचून घ्यायचं. मग देव पावतो, असा त्यांचा समज. देवाला विचारलं होतं का कुणी? मला तरी माहीत नाही.

मला एका आईनं विणलं. तिच्या मुलाचं नाव आन्सेल्म. तो अशा एका पंथात गेला होता की जिथं साधू तलवार धरत. पहाटे प्रार्थना, मग घोड्यावर मांड. पूर्वेकडं, येशूच्या जन्माच्या मुलखात, मोठं युद्ध पेटलं होतं. दोन्हीकडचे लोक देवाचं नाव घेऊनच एकमेकांना मारत होते. आन्सेल्म तिकडं निघाला होता.

आई म्हणाली, "मेंढीची मऊ लोकर देते विणून. ऊब धरेल."

तो म्हणाला, "मऊ नको. टोचणारीच दे."

बाई माझ्यासारखीच कडक. डोळ्यांत पाणी आणलं नाही. मुकाट्यानं मला विणलं. पण तो अंगणात घोड्यावर खोगीर आवळत होता ना, तेवढ्यात तिनं एक चोरटं काम केलं. त्याच्या पाळण्यातल्या दुपट्याचा एक मऊ तुकडा कापला आणि माझ्या गळ्याच्या आतल्या बाजूला, जिथं माणसाची कातडी सगळ्यात पातळ असते तिथं, बारीक टाक्यांनी लावून टाकला. मुलाला कळू नये इतका लहान. बाकी सगळी मी काटा, आणि गळ्याशी तेवढी जागा आईची.

आन्सेल्मला ते जन्मात कळलं नाही.

आता त्या पंथाचा एक नियम सांगते. तो ज्यानं केला तो माणूस शहाणा असला पाहिजे. जेवायला बसताना दोघांत एक वाडगा. भांडी नव्हती म्हणून नाही हो! एकानं दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून. साधू म्हटलं की कुणी ना कुणी चोरून उपाशी राहणारच. आणि उपाशी शिपाई काय कामाचा? ढाल पेलायला पोटात अन्न लागतं, नुसती भक्ती पुरत नाही. म्हणून मुख्याला विचारल्याशिवाय उपास करायचा नाही, आणि वाडग्यातला जोडीदार जेवला की नाही ते आपण पाहायचं.

आन्सेल्मचा जोडीदार होता बर्ट्रंड. गोल गरगरीत, हसरा, खाण्याचा भोक्ता.

"काय रे, जेवतोयस की वाडग्याला आशीर्वाद देतोयस?" तो पहिल्या दिवशीच म्हणाला.

"मी खाल्लं. तू खा."

"मला डोळे आहेत, बाबा."

"मग मीट."

बर्ट्रंड हसला. पुढं पुढं त्यानं खरंच डोळे मिटले. एक तर आन्सेल्मचा हट्ट मोठा, आणि दुसरं म्हणजे वाडग्यातलं सगळं आपल्यालाच मिळतंय, हेही त्याला वाईट नव्हतं. मैत्रीसाठी तो गप्प बसला. कुणाला बोलला नाही. मित्रांनो, गप्प बसणं हीच काही वेळा सगळ्यात महाग पडणारी मैत्री असते.

मी अंगावर होते. मला सगळं कळत होतं. आन्सेल्मच्या बरगड्या माझ्या विणीत रुतायला लागल्या. पाठ ओली व्हायची ती घामानं, मग घामही आटला. वरून लोखंडी कड्यांचं चिलखत, खालून मी, आणि मध्ये तो दिवसेंदिवस बारीक होत चाललेला. मी टोचून टोचून सांगत होते, अरे, खा रे. पण मला एकच भाषा येते आणि ती त्याला पुण्य वाटत होती. काय करायचं अशा माणसाचं!

एका दुपारी रखरखीत वाळूतून जाताना तो घोड्यावरून खाली आला. पडला म्हणण्यासारखंही नाही, ओल्या पोत्यासारखा घसरला. शत्रू कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. थांबू नका, असा हुकूम होता. बर्ट्रंड थांबला. त्यानं आन्सेल्मचं डोकं दगडाच्या सावलीत ठेवलं, कातडी पिशवी घेतली आणि म्हणाला, "पडून राहा. पाणी आणतो."

ओढा खाली होता. त्याची पावलं दगडांवरून उतरताना ऐकू आली. मग एक सण्णकन आवाज आला. मग पाण्यात काहीतरी जड पडलं.

पावलं परत आली नाहीत.

आन्सेल्म जगला. मागून येणाऱ्यांनी त्याला उचलला. त्या संध्याकाळी त्याच्यासमोर वाडगा ठेवला, दोघांचा होता तसाच, आणि पलीकडची जागा रिकामी. तो जेवला. रडला, ओकला, पुन्हा जेवला. मग त्यानं मला अंगावेगळी केली आणि पुन्हा कधी घातली नाही.

पण लोकांची गंमत बघा! तो म्हातारा होऊन मेल्यावर लोकांनी त्याला संत केलं आणि मला पवित्र वस्तू. माझ्यापुढं मेणबत्त्या लावल्या, माझ्या काठांचे मुके घेतले. मान कुणाला आवडत नाही? मीही मिरवलं. पण बर्ट्रंडचं नाव कुणी काढलं नाही. त्याच्या नावाची एक मेणबत्ती नाही.

मग दिवस पालटले. मेणबत्त्या गेल्या, उंदीर आले. मला पेटीत टाकलं. पेटीतून दुसऱ्या पेटीत, आणि शेवटी एका पाद्र्याच्या सामानातून बोटीनं ऑस्ट्रेलियात. तिथं एका लहानशा दगडी चर्चच्या फडताळात राहिले. मी कोण, कुठली, हे सांगणारं कुणी उरलं नाही. चर्चला येणारी माणसं म्हातारी होत होत संपली, चर्चला कुलूप लागलं, आणि मी आले ऑप शॉपमध्ये. म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. तिथं मला एका पोराच्या डायनोसॉरच्या सोंगाशेजारी हँगरला लटकवली. संतानं घातलेल्या मला! पण बोलणार कुणाला?

तिथंच मला चित्रलेखाबाई भेटल्या.

त्या वाईच्या. मुलगा रविंद्र इथं नोकरीला, म्हणून त्या इथं. इंग्रजी येत नाही, पण त्यामुळं त्यांचं कधी काही अडलं नाही. दुकानात शिरल्या, हँगर सरकवत सरकवत माझ्यापाशी थांबल्या आणि मला दोन बोटांत धरून चोळून पाहिलं.

"यामिनी, इकडं ये! बघ काय सापडलं. धाबळीचं कापड!"

यामिनी त्यांची सून. ती म्हणाली, "आई, हे पायपुसणं आहे."

"पायपुसणं तुझ्या माहेरी असेल. केस आहेत हे, बकरीचे. सुताचा धागा नाही यात. सोवळ्याला याच्यासारखं दुसरं नाही."

त्यांच्या घरची रीत अशी की पूजेला सुती कपडा नेसायचा तर तो धुऊन, कुणी न शिवता वाळवलेला हवा. लोकरीला मात्र विटाळ नाही, म्हणून लोकरीची धाबळी केव्हाही नेसावी. त्या हिशेबानं त्यांनी मला सोवळ्यात घेतलं! गल्ल्यावरची गोरी म्हातारी म्हणाली, "शुअर, लव्ह? इट्स अ बिट स्क्रॅची."

"शुअर, शुअर," चित्रलेखाबाई म्हणाल्या आणि मला काखेत मारलं.

कितीतरी पिढ्यांनी मला माणसाच्या अंगाची ऊब मिळाली. सकाळी अंघोळ करून त्या मला घालत, देवाला फुलं वाहत, आरती म्हणत, आणि मला खुंटीला टांगून चहा घेत. तोंड फाटकं, पण बाई नेमाची. आमचं जमलं. दोघीही कुणाचं ऐकणाऱ्या नव्हतो.

मग प्रणवचं निघालं.

प्रणव त्यांचा नातू. इथंच वाढलेला, इथल्याच सैन्यात गेलेला. त्याची बहीण स्पृहा उशिराची, अजून दुधाचे दात पडताहेत. एका रविवारी स्वयंपाकघरात तो आजीला म्हणाला, "आजी, माझं पोस्टिंग आलंय. बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठं?"

"मिडल ईस्ट. नेमकं सांगता येत नाही. मी गाड्या दुरुस्त करतो गं, बंदूक घेऊन पळत नाही. नो वरीज."

"तुझं नो वरीज ठेव खिशात. बॉम्ब काय गाड्या सोडून पडतात?"

यामिनी ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. रविंद्र उठून बाहेर गेला. प्रणवनं आजीला मिठी मारली, तेव्हा मी अंगावरच होते. पूजा अर्धवट टाकून आल्या होत्या ना त्या. दोन काळजांची धडधड मला एकदम ऐकू आली. कुणाचं जास्त जोरात होतं ते सांगत नाही.

तो गेला. रोज जेवणाच्या वेळी त्याचा फोन यायचा, तोंड दिसायचं तसला. पहिल्याच दिवशी त्याच्यामागची भिंत मी पाहिली. मातकट, उन्हानं भाजलेली, आणि तिच्यावरचा तो पांढरा उजेड. मित्रांनो, मी तो मुलूख ओळखला. तिथं मी गेले होते. तिथं एक पाण्यावर गेला तो आला नव्हता.

त्या रात्रीच्या जेवणाला चित्रलेखाबाई बसल्या नाहीत. देवापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "माझा प्रणव धडधाकट घरी येईपर्यंत मी एका वेळेला जेवेन. आणि ही बंडी अंगावरून उतरवणार नाही. टोचते तर टोचू दे. पोराच्या अंगावर तिकडं काय काय असेल."

मी त्या वाटेनं एकदा जाऊन आले होते.

एका वेळेचं अर्ध्या वेळेवर आलं. सोमवार निर्जळी झाला. टीव्हीवर तिकडची काही बातमी लागली की आणखी एक वार वाढायचा. वर कुर्ता, खाली मी. घरात कुणाला पत्ता नाही. यामिनी लॅबमध्ये कामाला, रविंद्र ट्रेननं शहरात. यामिनीनं डब्यात काढून ठेवलेली पोळीभाजी चित्रलेखाबाई दुपारी मागच्या अंगणात नेत आणि मॅगपायना घालत. काळेपांढरे मोठे पक्षी ते, कुंपणावर ओळीनं बसलेले असत. काय पुष्ट झाले होते मेले!

स्पृहानं हे पाहिलं. शाळेला मोठी सुट्टी होती, ती घरीच होती.

"आजी, यू आर नॉट ईटिंग."

"देवाची गोष्ट आहे ही. मम्मीला सांगायची नाही हं. सांगितली की फळ जातं."

"मग दादाला काही होईल?"

चित्रलेखाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. पोरीनं त्याचा अर्थ होय असा घेतला. तिनं ओठ आवळले आणि मान हलवली. मला बर्ट्रंड आठवला. मी टोचत राहिले, टोचत राहिले. बाईंनी कुर्त्यावरून खांदा खाजवला आणि म्हणाल्या, "टोच, टोच. तेवढंच पुण्य."

आता हसू की रडू, सांगा!

मग एक दिवस फोन आला नाही. कामात असेल, नेटवर्क नसेल, असं यामिनी म्हणत राहिली. स्वतःलाच सांगत होती ती. चित्रलेखाबाईंनी दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पाणीही सोडलं. सोमवार नव्हता. कुणाला सांगितलं नाही. आणि त्याच दिवशी ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. पोरगी घरात कंटाळली, म्हणून बाई तिला घेऊन तळ्यावर गेल्या.

घराजवळच आहे तळं. कडेनं फरसबंदीची वाट, बाकं, झाडं. बदकं पाहत स्पृहा पुढं पळत होती. बाई बाकावर टेकल्या. मी अंगावर होते, सांगते तुम्हाला, त्यांच्या अंगाला घामच नव्हता. कातडी कोरडी, तापलेली. आन्सेल्मची होती तशी. काळीज आधी धावलं, मग अडखळलं. मला कळलं. मला आधीच कळलं, आणि मला ओरडता येत नाही!

त्या बाकावरून घसरल्या. ओल्या पोत्यासारख्या.

"आजी? आजी, वेक अप!" स्पृहा धावत आली. तिनं गालावर हात फिरवला, गळ्यातली आपली बाटली उघडून उलटी केली. रिकामी. पोरीनं इकडंतिकडं पाहिलं. वाटेवर कुणी नाही.

मग ती म्हणाली, "थांब आजी. पाणी आणते."

मित्रांनो, ते शब्द मी पूर्वी ऐकले होते.

तिची पावलं खाली गेली. आधी गवतावर, मग दगडांवर. काठचे दगड हिरवे, शेवाळलेले; पोरीला धड पोहता येत नव्हतं. एक पाय घसरल्याचा आवाज. मग चुबुक. इतकी वर्षं मी कुणाला घाबरले नाही. उंदरांना नाही, कसरीला नाही, आगीला नाही. त्या क्षणी माझा केस न् केस ताठ झाला. पडताना मी बाईंच्या काखेत गोळा झाले होते. जितकं टोचता येतं तितकं मी टोचलं. पुण्यासाठी नाही. ऊठ गं बाई, ऊठ, पोर पाण्यात चाललीय!

"आई गं!" चित्रलेखाबाई कण्हल्या. डोळे उघडले. मान वळली.

तुम्ही म्हणाल मुंगी चावली असेल. असेल. मी म्हणते मीच.

स्पृहा गुडघ्याच्या वर पाण्यात होती, एक हात लव्हाळ्याला, दुसऱ्या हातात बाटली. बाईंना उठता येईना. पण आवाज होता. चाळीस माणसांच्या घरात पंगती हलवलेला आवाज तो.

"स्पृहा! मागं फिर! आत्ताच्या आत्ता! पुढं जाशील तर बघ!"

पोरगी त्या आवाजाला जन्मापासून भीत आली होती. सवयीनं जागच्या जागी थिजली. मग हळूहळू, दगड धरत, वर आली. गुडघा फुटलेला, बाटलीत चार बोटं हिरवं पाणी.

"आजी, पी."

कुत्रं घेऊन फिरायला आलेला एक माणूस पळत आला. "यू राइट, लव्ह?" म्हणाला आणि त्यानं अँब्युलन्सला फोन लावला.

अँब्युलन्समध्ये कामावरच्या एका पोरीनं माझ्यावर कात्री उगारली. चित्रलेखाबाई आडव्या पडल्या होत्या, नाकावर नळी, तरी म्हणाल्या, "कात्री लावशील तर हात मोडीन!" तिला ते कळलं नाही, पण कळलं. तिनं मला सोडवून पिशवीत घातलं. बाईंच्या पाठीवर माझे लाल ओरखडे होते. त्या पोरीनं ते पाहिले आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

हॉस्पिटलमध्ये स्पृहा फुटली. "शी गिव्ज हर लंच टु द मॅगपाइज," एवढं सांगून ती जी रडायला लागली ती थांबेना. "मी सांगितलं. आता दादाला काही होणार?"

यामिनी कधी सासूपुढं आवाज न चढवणारी. त्या दिवशी पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुमच्या व्रतानं माझा मुलगा वाचेल की नाही, मला माहीत नाही. पण माझी मुलगी पाण्यात चालली होती."

चित्रलेखाबाईंकडं कशालाही उत्तर असायचं. त्या दिवशी त्या स्पृहाच्या फुटलेल्या गुडघ्याकडं पाहत राहिल्या.

प्रणवचा फोन आला तो घरी परतल्यावर. रेंज नव्हती एवढंच झालं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजी, इथं आम्हाला एक रूल आहे. आपल्या मेटनं, जोडीदारानं, पाणी प्यायलं की नाही, जेवला की नाही, ते आपण बघायचं. मी त्याचं बघतो, तो माझं. तसं नाही केलं तर शिव्या बसतात. कारण चक्कर येऊन पडणारा एकटा पडत नाही. त्याला उचलायला गेलेला पण अडकतो."

पिशवीत पडल्या पडल्या मी ते ऐकलं. दोघांत एक वाडगा! त्याच वाळूत! म्हणजे कुणीतरी लक्षात ठेवलं होतं तर.

"तुझा मेट कोण आहे, आजी?"

"माझा कोण असणार? तुझे आजोबा गेले वर निघून. विचारलं नाही, सवरलं नाही."

"मी!" स्पृहा मध्येच ओरडली. "मी आजीची मेट!"

"तू गप. तू आधी माझं ऐकून गप्प बसलीस, आता कशाला बोलतेस?" बाई म्हणाल्या. पण म्हणताना पोरीला जवळ ओढलं.

तरी त्यांचं मन माझ्याकडं ओढत होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मला ऊन दाखवायला त्या मागच्या अंगणात घेऊन बसल्या. उलटी केली, झटकली, आणि गळ्याशी त्यांचं बोट थांबलं.

"यामिनी, हे बघ गं."

"काय?"

"हा तुकडा. दुपट्याचं कापड आहे हे, तान्ह्या बाळाच्या. आतून लावलंय. टाके बघ कसे लपवलेत. घालणाऱ्याला कळू नये म्हणून."

यामिनीनं वाकून पाहिलं. "का पण?"

चित्रलेखाबाई अंगठ्यानं तो तुकडा चोळत राहिल्या. बाईंना अक्षर लावून वाचायला वेळ लागतो, पण टाका वाचता येतो. "आईनं लावलाय. पोरानं हट्टानं टोचणारी बंडी मागितली, तिनं दिली, आणि गळ्याशी चोरून मऊ कापड लावलं." मग त्यांनी मला मांडीवर घेतलं. "तिला नको होतं गं हे. कुठल्याच आईला नको असतं. मग देवाला का हवं असेल?"

शेकडो वर्षं माझे मुके घेणाऱ्यांत एकालाही तो तुकडा दिसला नव्हता.

त्या दिवसापासून मी कपाटात आहे. आणि त्या दिवसापासून चित्रलेखाबाई आणि स्पृहा एका ताटात जेवतात. पातेल्याला फोन टेकवलेला असतो, त्यात प्रणव आपलं ताट दाखवतो. "हे बघ, संपवलं." मग स्पृहा इकडचं दाखवते. "आजीनं भेंडी ठेवलीय!" "चहाड," आजी म्हणते आणि भेंडी खाते. त्या तुकड्यामुळं सगळं बरं झालं, असं मी म्हणणार नाही. भीती आहे तिथंच आहे. फक्त आता ती जेवून बसते.

आणि आज फोन वाजलेला नाही.

दुपारी टीव्हीवर तिकडची बातमी होती. काही पेटलं होतं, धूर दाखवत होते. यामिनीनं बटण दाबून तो बंद केला. रविंद्र अजून ट्रेनमध्ये आहे. दिवे लागले, ताट वाढलं, फोन गप्प. चित्रलेखाबाई मघाशी उठल्या, देवघराशी आल्या आणि कपाटाचं दार उघडलं. त्यांचा हात माझ्यावर पडला. बोटं बर्फासारखी. मला कळलं त्या काय मागायला आल्या आहेत. आज मी त्यांच्या अंगावर गेले असते ना, तर पुन्हा कधी उतरले नसते.

नको गं बाई, नको. मी सगळे केस चापून पडले. शेकडो वर्षांत पहिल्यांदा मी न टोचण्याची पराकाष्ठा केली.

बाईंचा अंगठा चाचपत गळ्याशी आला आणि त्या मऊ तुकड्यावर थांबला. बराच वेळ.

"आजी," टेबलापासून स्पृहा म्हणाली, "भात गार होतोय. तू ये. मी एकटी नाही जेवणार."

पोरगी रोज इंग्रजी मिसळून बोलते. आज तिनं एकही इंग्रजी शब्द वापरला नाही.

मित्रांनो, म्हातारीचं एवढं ऐका. मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कडुनिंबाचा पाला घाला, कसर लागू देऊ नका. जुन्या वस्तूला एवढं पुरतं. पण मला अंगावर घेऊ नका, आणि कुणी घेतलं तर त्याचं कौतुक करू नका. जेवायला बसाल तेव्हा आपल्या ताटातून मान वर काढा आणि शेजारच्याच्या ताटात बघा. "माझं झालं" असं कुणी म्हणालं की लगेच डोळे मिटू नका. आणि गुपित म्हणून कुणी गप्प बसायला सांगितलं, तर बर्ट्रंडला आठवा. त्याच्या नावाची मेणबत्ती कुणी लावली नाही. तुम्ही एवढं तरी लावून धरा.

कपाटाचं दार आता पुन्हा किलकिलं आहे. फटीतून मला टेबल दिसतं. फोन काळाच आहे. चित्रलेखाबाई ताटाशी बसल्या आहेत. स्पृहानं वरणभाताचा घास कालवून त्यांच्या तोंडापुढं धरला आहे, आणि हात खाली घेत नाही. बाईंनी एकदा फोनकडं पाहिलं, एकदा पोरीकडं.

मग त्यांनी तोंड उघडलं.

त्यांच्या अंगावर नसतानाही मला कळलं, मित्रांनो. घास उतरला.